संगणक बोलता राहावा म्हणून

१९ फेब्रुवारी २०२३ रोजी लिनक्स कर्नलची ६.२ ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यातल्या हजारो बदलांपैकी एक अगदी छोटा होता, आणि त्यामागचा हेतू चांगला होता. लिनक्समध्ये एक फार जुनी सोय आहे. एखादा प्रोग्राम टर्मिनलमध्ये अक्षरं घुसवू शकतो आणि ती माणसानेच कळफलकावर टाइप केली आहेत असं पुढच्या प्रोग्रामला वाटतं. कमी अधिकारांचा प्रोग्राम या सोयीच्या आडून जास्त अधिकार असलेल्याच्या नावाने आज्ञा सोडू शकतो, म्हणून सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांना ती कायम खुपत आली. ओपनबीएसडी या प्रणालीने २०१७ मध्ये ती काढूनच टाकली. लिनक्समध्ये कर्नल प्रोग्रामर केस कुक यांनी ती बंद करता येईल अशी तरतूद ६.२ मध्ये केली.

ही सोय बंद केली की दृष्टिहीन माणसाचा ब्रेल कळफलकही बंद पडत होता.

बीआरएलटीटीवाय नावाचा एक प्रोग्राम १९९५ पासून चालत आला आहे. लिनक्सच्या काळ्या पडद्यावरचा मजकूर तो ब्रेल डिस्प्लेवर उमटवतो. या डिस्प्लेवर ब्रेलचे ठिपके वर-खाली होतात, त्यांवरून बोट फिरवून वाचायचं आणि त्याच यंत्रावरच्या कळांनी लिहायचं. बोटाने दाबलेलं अक्षर संगणकापर्यंत पोचवायला बीआरएलटीटीवाय नेमकी तीच जुनी सोय वापरत होता. म्हणजे चोरासाठी लावलेल्या कुलुपाने घरचा माणूस बाहेर राहिला.

दुरुस्ती त्याच वर्षी झाली. फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातले सॅम्युएल तिबो यांनी कर्नलमध्ये एक अट वाढवली: ज्या प्रोग्रामला व्यवस्थापकाचे अधिकार आहेत, त्याला ही सोय सदैव खुली राहील. बीआरएलटीटीवायकडे ते अधिकार असतातच. व्यवस्थापकाचे अधिकार ज्याच्याकडे आधीच आहेत त्याला दुसऱ्याच्या नावाने आज्ञा चोरून सोडण्याची गरज नसते, त्यामुळे जुनं भोकही पुन्हा उघडलं नाही. ब्रेल कळफलक पुन्हा चालू झाले. बदल एका ओळीचा. पण तो सुचायला सुरक्षेचा धोका आणि ब्रेलवर फिरणारी बोटं, दोन्ही ठाऊक असलेला माणूस कर्नल लिहिणाऱ्यांमध्ये असावा लागतो. तो तिथे होता, हा योगायोग नव्हता. त्यामागे वीसएक वर्षांची खटपट आहे आणि ती मराठी वाचकांनी समजून घ्यावी अशी आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग. कळफलकावर कुठली कळ दाबली, पडद्यावर कुठलं अक्षर कुठे उमटवायचं, ध्वनी कुठल्या चिपकडे पाठवायचा, हे सगळं त्याच्या हातात असतं. स्क्रीन रीडर हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम. डोळस माणसाला कर्नल कधी दिसत नाही आणि दिसायची गरजही पडत नाही. स्क्रीन रीडरला मात्र तीन गोष्टी सतत लागतात: पडद्यावर काय आहे ते कळणं, दाबलेली कळ सर्वांआधी मिळणं, आणि आवाज बाहेर पडणं. तिन्हींच्या वाटा कर्नलमधून जातात. कर्नल बदलला की यातली कुठलीही वाट बंद पडू शकते.

आणि लिनक्स कर्नल थांबत नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. कोडच्या ओळी आता चार कोटींच्या घरात गेल्या आहेत. बाहेरच्या प्रोग्रामांना जे दिसतं ते मोडायचं नाही, हा लिनक्सचे जनक लिनस तोर्वाल्ड्स यांचा कडक दंडक आहे. वरच्या प्रकरणातली तिबो यांची दुरुस्तीही याच शिस्तीला धरून होती. कर्नलच्या आत मात्र असं कुठलंच वचन नाही. आतल्या कामांची नावं, पद्धती, मांडणी कुणीही कधीही बदलतो. कर्नल प्रोग्रामर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणाची बाजू सविस्तर लिहून मांडली आहे: आतली मांडणी गोठवली तर जुन्या चुका कायमच्या मानगुटीवर बसतील. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्याची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि दहाएक वर्षं ती स्पीकअपने मोजली.

स्पीकअप हा कर्नलच्या आत राहणारा स्क्रीन रीडर. कॅनडातल्या किर्क रायझर यांनी तो १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केला. आत राहायचं कारण साधं होतं. संगणक सुरू होताना पहिले संदेश कर्नलच देतो. डिस्क सापडली नाही, फाइल सिस्टिम बिघडली आहे. तेव्हा बाकी काहीच चालू झालेलं नसतं. बाहेर राहणारा स्क्रीन रीडर त्यानंतर जागा होतो आणि बिघाड नेमका त्याच्या आधी झाला तर तो कधीच जागा होत नाही. डेकटॉक किंवा डबलटॉकसारखं आवाज काढणारं यंत्र सीरियल पोर्टला जोडलं की स्पीकअप जवळजवळ पहिल्या क्षणापासून बोलू लागायचा. अंकांच्या कळफलकावर ८ दाबला की चालू ओळ, ७ दाबला की आधीची, ९ दाबला की पुढची. ५ वर चालू शब्द, २ वर चालू अक्षर. एका हाताने सगळा पडदा फिरून येता येतो.

पण स्पीकअप अधिकृत कर्नलमध्ये नव्हता. तो वेगळा पॅच म्हणून मिळायचा. प्रत्येक नव्या आवृत्तीला तो नव्याने बसवायचा, आतली मांडणी बदलली असेल तिथे दुरुस्त करायचा, मग अख्खा कर्नल पुन्हा बांधायचा. स्लॅकवेअरसारख्या लिनक्स वितरणाने स्पीकअप घातलेला स्वतंत्र कर्नल पुरवला, ही मोठी मदत होती. तरी परिस्थिती दुसऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या, सातबाऱ्यावर नोंद नसलेल्या पायवाटेसारखीच होती. मालक वाईट नसतो. त्याला फक्त वाट दिसत नाही आणि तो बांध सरकवतो.

पायवाटेची नोंद व्हायला टप्प्याटप्प्याने वेळ लागला. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत तिबो यांच्या प्रयत्नाने कर्नलमध्ये अशी रीतसर जागा तयार झाली, की कन्सोलवर अक्षर उमटलं किंवा कळ दाबली गेली की ज्याला हवं त्याला त्याची सूचना मिळावी. स्पीकअपला आता कर्नलचा कोड मधेच कापून स्वतःचा तुकडा घुसवावा लागेना. मग २०१०च्या अखेरीस स्पीकअप ‘स्टेजिंग’मध्ये घेतला गेला. कर्नलच्या झाडातलंच हे दालन आहे, पण ‘काम अजून कच्चं आहे’ अशी पाटी लावलेलं. त्या पाटीसकट हा मोठा फायदा होता. कर्नलचा नियम असा, की आतली एखादी पद्धत जो बदलेल त्यानेच झाडातल्या सगळ्या ठिकाणी ती दुरुस्त करायची. स्पीकअपचं नावही न ऐकलेले प्रोग्रामर आता स्पीकअपचा कोड सांभाळू लागले.

कच्चेपणाचं सगळ्यात मोठं कारण होतं सीरियल पोर्ट. स्पीकअप कर्नलच्या सीरियल चालकाला बाजूला सारून थेट पोर्टच्या पत्त्यांवर लिहायचा. जुन्या यंत्रांवर ते चालून गेलं. पुढे संगणकांवरून खरे सीरियल पोर्टच नाहीसे झाले, यूएसबीतून जोडणी येऊ लागली आणि थेट पत्त्यावर लिहिणं निरर्थक झालं. २०१७ मध्ये ओकाश खवाजा यांनी हे काम हाती घेऊन स्पीकअपला कर्नलच्या टीटीवाय या नेहमीच्या मार्गावर आणलं. बाकीची डागडुजी होत होत ऑक्टोबर २०२० मध्ये, ५.९ या आवृत्तीत, स्पीकअप स्टेजिंगमधून बाहेर पडून ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाच्या कायमच्या दालनात आला. सुरुवातीपासून मोजलं तर वीस वर्षांहून अधिक.

कायमची जागा मिळाली की तिथले नियमही लागतात. त्याच वर्षाच्या अखेरीस स्पीकअपच्या नव्या टीटीवाय कोडमध्ये सुरक्षेच्या चुका सापडल्या. संगणकावर साधं खातं असलेल्या माणसालाही त्यातून कर्नल कोलमडवता येत होता. त्यांना इतर कुठल्याही कर्नल-चुकीसारखे सुरक्षादोषांच्या नोंदीचे सीव्हीई क्रमांक मिळाले आणि त्या लगेच दुरुस्त झाल्या. मला हे चांगलं लक्षण वाटतं. दयेपोटी ठेवलेल्या वस्तूची कुणी इतकी कसून तपासणी करत नाही.

विंडोजवर याच्या उलट वाटचाल झाली. जुने स्क्रीन रीडर पडद्याच्या चालकात शिरून चित्रासाठी जाणाऱ्या आज्ञा मधेच ऐकायचे आणि त्यावरून पडद्यावर काय आहे याचं स्वतःचं चित्र तयार करायचे. मायक्रोसॉफ्टने ६४ बिट विंडोजमध्ये कर्नलला हात लावणं रोखलं, चालकांना सही सक्तीची केली आणि चित्र काढण्याची पद्धतच बदलली. दर मोठ्या अपडेटला काहीतरी तुटायचं. आता स्क्रीन रीडर बाहेर राहून प्रोग्रामांना विचारतात: हे बटण आहे का, याचं नाव काय, यावर टिचकी मारता येते का. त्यासाठी प्रणालीने रीतसर दरवाजे दिले आहेत. मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर याच पद्धतीवर उभा आहे. तो विनामूल्य आहे, पन्नासहून अधिक भाषांत आहे, आणि भारतात ज्यांच्याकडे जॉस या महागड्या स्क्रीन रीडरसाठी पैसे नाहीत अशा असंख्य दृष्टिहीनांचं शिक्षण आणि नोकरी त्याच्यावर चालते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, तेव्हा कर्नलच्या आत परक्याने राहावं का हा प्रश्न सगळ्या जगापुढे आला. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी त्याचं उत्तर आधीच शोधलं होतं.

मग लिनक्सवाले आत का गेले आणि विंडोजवाले बाहेर का आले? विंडोजचा कर्नल बंद पेटीत आहे. आत शिरणारा तिथे नेहमीच उपरा. लिनक्सचा कर्नल सर्वांसमोर लिहिला जातो; तिथे आत जाणं म्हणजे लिहिणाऱ्यांत सामील होणं. लिनक्सवरही चित्रमय डेस्कटॉपवाला ऑर्का हा स्क्रीन रीडर कर्नलबाहेरच राहतो आणि रोजच्या वापरात बहुतेकांना तोच लागतो. भारतातही कर्नलबाहेर असं काम करणारी माणसं आहेत. मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन प्रोग्रामर. त्यांनी ‘ग्नूखाता’ हे हिशेब ठेवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर उभं करण्यात पुढाकार घेतला. केरळातल्या झेन्डालोना या गटाने उबंटू माटेवर आधारलेली ‘अ‍ॅक्सेसिबल कोकोनट’ ही दृष्टिहीनांसाठी सजवलेली लिनक्स प्रणाली तयार केली. ही मंडळी कर्नल लिहीत नाहीत. पण कर्नल सरकला तर त्यांच्या वापरकर्त्यांच्या कानापर्यंत त्याचा धक्का पोचतोच, कारण आवाजाचा शेवटचा टप्पा कर्नलचाच असतो.

हा शेवटचा टप्पा प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास देतो. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपांत ध्वनीच्या चिपला स्वतःचं फर्मवेअर लागतं. कर्नल नवा आला आणि फर्मवेअरच्या फाइली जुन्याच राहिल्या, तर संगणक व्यवस्थित चालू होतो, पडदा नीट दिसतो, फक्त आवाज नसतो. डोळस माणूस म्हणेल, गाणी लागत नाहीत, उद्या बघू. दृष्टिहीन माणसासाठी त्या क्षणी संगणक बंदच पडलेला असतो. चूक कुठली, हे सांगणारा संदेश पडद्यावर असतो आणि तो वाचणारा आवाज गेलेला असतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. लिनक्सच्या कन्सोलवर एका वेळी फार तर ५१२ अक्षरचित्रं बसतात, आणि काना-मात्रा-जोडाक्षरं जुळवण्याची तिथे सोयच नाही. म्हणजे डोळस माणसालाही तिथे मराठी नीट वाचता येत नाही. पूर्वी स्पीकअपचा आतला साठाही एका बाइटच्या अक्षरांचा होता, देवनागरी त्यात मावतच नव्हती. २०१७ मध्ये तिबो यांनी तो १६ बिट युनिकोडचा केला. २०१८ मध्ये, ४.१९ या आवृत्तीत, निकोला पित्र यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: पडद्यावर चित्र उमटो वा न उमटो, मूळ युनिकोड अक्षर कर्नलने लक्षात ठेवावं. ब्रेलसाठी केलेलं हे काम. त्याच्यामुळे देवनागरी अक्षर कर्नलमधून हरवत नाही. ईस्पीक एनजीसारख्या, मराठी येणाऱ्या आवाजापर्यंत किंवा ब्रेलपर्यंत ते पोचू शकतं. डोळ्यांना न दिसणारं मराठी बोटांना आणि कानांना मिळण्याची वाट अशी तयार झाली. आपल्यापैकी कुणी ते मागितलं नव्हतं. दुसऱ्या भाषांच्या ब्रेल वाचकांसाठी झालेल्या कामाचा लाभ आपल्याला मिळाला.

तुटलेली गोष्ट शोधायची कशी, याचीही एक सुंदर रीत आहे. दोन आवृत्त्यांमध्ये १३ ते १५ हजार बदल असतात. आधीची चालते आणि नंतरची चालत नाही, एवढं माहीत असलं तरी पुरतं. बरोबर मधला कर्नल बांधून पाहायचा. तो बोलला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही बोलला तर मागच्या अर्ध्यात. असं निम्म्याने कमी करत गेलं की चौदाएक फेऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. दृष्टिहीन प्रोग्रामरने एकट्याने हे करायचं म्हणजे अर्ध्या वेळा मुक्या संगणकासमोर बसायचं. म्हणून स्पीकअपमध्ये ‘डमी’ नावाचं एक खोटं ध्वनियंत्र ठेवलं आहे: जे बोलायचं ते सीरियल तारेवरून साध्या अक्षरांत पाठवतं आणि दुसरा संगणक ते वाचतो. क्यूईएमयू या आभासी संगणकात ब्रेल डिस्प्लेही जोडता येतो. चाचणीची साधनं अशी तयार आहेत. कमी आहे ती चाचणी घेणाऱ्या माणसांची. नवी आवृत्ती येण्याआधी दर रविवारी एक, अशा सात-आठ उमेदवार आवृत्त्या बाहेर पडतात. त्या काळात कुणी ऐकून पाहिलं तर दोष वापरकर्त्यांपर्यंत पोचतच नाही.

२०११च्या जनगणनेत भारतात दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ माहिती आणि संपर्काची साधनं सर्वांना वापरता यावीत अशी जबाबदारी सरकारवर टाकतं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुलभतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, कलम २१चा, भाग मानला. हे निकाल प्रामुख्याने इमारती, संकेतस्थळं, बँकांची ओळखपडताळणी यांबद्दल बोलतात. संकेतस्थळ कितीही सुलभ असलं तरी ते वाचणारं यंत्रच अपडेटनंतर गप्प झालं, तर त्या हक्काचा उपयोग नाही. सरकारी खात्याने संगणक विकत घेताना निविदेत एवढी एक अट घालावी: अपडेट दिल्यानंतरही स्क्रीन रीडर आणि ब्रेल चालतात हे पुरवठादाराने दाखवून द्यायचं.

आता आमच्या ग्वाल्हेरबद्दल. तानसेनांच्या आणि मोहम्मद गौसांच्या समाधीमुळे इथल्या हजिरा या भागाचं नाव बाहेरच्यांना ठाऊक असतं. इथल्या माणसाचा संगणक बिघडला तर तो कर्नल लिहिणाऱ्याकडे जात नाही, चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. म्हणून काही गोष्टी त्या दुकानापर्यंत पोचायला हव्यात. समजा, परीक्षेची तयारी करणारा एखादा दृष्टिहीन मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, भाऊ, अपडेटनंतर आवाज गेला. डेबियन आणि उबंटू ही लिनक्स वितरणं नवा कर्नल घालताना आधीचा सहसा काढत नाहीत. संगणक सुरू होताना कर्नल निवडायला मिळणाऱ्या ग्रब यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ ही दुसरी नोंद असते. तिच्यात गेल्यावर नवा कर्नल, त्याचा रिकव्हरी प्रकार, आणि मग जुना कर्नल अशी रांग. एकदा खाली, एंटर, दोनदा खाली, एंटर. ग्रब बोलत नाही, पण यादी उघडल्यावर सूर वाजवायला त्याला सांगता येतं. मग मोजून कळ दाबणं त्या मुलाला स्वतःलाच जमतं. जुना कर्नल बोलला, तर दोष नव्यात आहे हे तिथल्या तिथे कळतं आणि त्याची परीक्षाही चुकत नाही.

संगणक पूर्ण नव्याने भरायची वेळ आली तर डेबियनच्या सुरुवातीच्या पडद्यावर इंग्रजी ‘एस’ ही कळ आणि एंटर दाबायचं. पुढची सगळी मांडणी तो बोलून करून घेतो, दुकानदाराने वाचून दाखवायची गरज पडत नाही. ज्याला स्थिर यंत्र हवं आहे त्याने डेबियनची स्थिर आवृत्ती घ्यावी. तिच्यात वर्षानुवर्षं एकाच पिढीचा कर्नल राहतो आणि फक्त दुरुस्त्या येतात. अपडेटच बंद करून टाका, हा सल्ला मात्र कुणी देऊ नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या दृष्टिहीन माणसालाही तितक्याच लागतात, त्याचंही बँकेचं खातं त्याच यंत्रावर असतं.

आणि संस्थांसाठी एक विनंती. आमचा माधव अंधाश्रम असो, पुण्याची कोरेगाव पार्कमधली अंधशाळा असो की मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र असो, एक जुना संगणक असा ठेवावा की ज्याच्यावर येणारा कर्नल इतरांच्या आधी चढतो. सुरू करायचा, बोलतो का ऐकायचं, ब्रेल उमटतं का पाहायचं, मराठी मजकूर वाचून घ्यायचा. बिघडलं तर शेवटची चालणारी आणि पहिली न चालणारी आवृत्ती, एवढं लिहून कर्नलवाल्यांना कळवायचं. ग्वाल्हेरातच अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी निम्म्याने शोधण्याच्या त्या चौदा फेऱ्या करून दिल्या, तर कर्नलमधल्या एखाद्या दुरुस्तीखाली ग्वाल्हेरचं नाव लागेल.

तोपर्यंत हजिऱ्यातल्या, आणि कुठल्याही गावातल्या, दुरुस्तीवाल्या भावांना एवढंच सांगणं आहे: दृष्टिहीन गिऱ्हाईकाच्या संगणकावर जागा कमी पडली म्हणून जुना कर्नल काढून टाकू नका. आणि काम झाल्यावर यंत्र त्याच्या हाती देण्याआधी ते एकदा बंद करून पुन्हा सुरू करा, आणि त्यालाच ऐकून पाहू द्या.